८४ लाखांची वाटणी आणि समान नागरी कायदा

समान नागरी कायदा असावा की नसावा, हा विषय विधी महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांमध्ये इतक्या वेळा येतो की दोन्ही बाजूंची भाषणे आता जवळजवळ ठरून गेली आहेत. अनुकूल बाजूचा विद्यार्थी समान नागरी कायद्यासाठी राज्याने प्रयत्न करावा असे सांगणारा संविधानाचा अनुच्छेद ४४ वाचून दाखवतो, शाहबानो प्रकरणाचा उल्लेख करतो आणि एका देशात विवाहाचे चार-पाच कायदे कशासाठी, असा सवाल टाकून खाली बसतो. प्रतिकूल बाजूचा विद्यार्थी धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ वाचतो, देशातील विविधतेचा दाखला देतो आणि बहुसंख्याकांचा कायदा सर्वांवर लादला जाईल अशी भीती व्यक्त करतो. टाळ्या दोघांनाही मिळतात. मात्र या समान कायद्यात मुलीला किती वाटा मिळणार, म्हाताऱ्या आईला काही मिळणार की नाही, मामाच्या मुलीशी लग्न करता येणार की नाही, असे विचारले तर बहुतेक वेळा दोन्ही बाजू गप्प होतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी या विषयाला हात घालताना सुरुवात या तपशिलापासून करावी, असे माझे मत आहे. कारण कोणता नियम सर्वांना लागू करायचा हे ठरल्याखेरीज तो सर्वांना लागू करावा की नाही, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

प्रथम व्याप्ती पाहू. खून, चोरी, करार, जमिनीची खरेदी-विक्री, पुरावा या सर्व बाबतींत भारतात धर्मनिहाय वेगळे कायदे नाहीत. हुंडाबंदी कायदा १९६१चा, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५चा, बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा, आणि हे तिन्ही सर्वधर्मीयांना लागू आहेत. वेगळेपण उरते ते विवाह, घटस्फोट, पोटगी, दत्तक, पालकत्व आणि वारसा या विषयांत, आणि त्यालाच वैयक्तिक कायदा म्हणतात. या विषयांतही धर्म न पाहणाऱ्या वाटा आहेत. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या स्त्री-पुरुषांना धर्म न बदलता नोंदणी पद्धतीने लग्न करता येते, आणि बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे.

एक घर, पाच वाटण्या

आता एक उदाहरण घेऊ. एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. वडील आधीच गेले आहेत. त्यांनी लग्नानंतर स्वतः कमावलेले घर आणि ठेवी मिळून ८४ लाख रुपये होतात आणि कर्ज काही नाही. ही मालमत्ता कोणाला किती मिळेल, हे त्यांच्या धर्मावर आणि एका बाबतीत त्यांच्या राज्यावर अवलंबून आहे.

ते हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर १९५६चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस असल्यामुळे प्रत्येकाला समान, म्हणजे २१ लाख रुपये मिळतात. ते सुन्नी मुसलमान असून हनफी पंथाचा कायदा पाळणारे असतील, तर मुले असल्यामुळे पत्नीला एक अष्टमांश म्हणजे साडेदहा लाख आणि आईला एक षष्ठांश म्हणजे १४ लाख मिळतात. उरलेल्या साडेएकोणसाठ लाखांपैकी मुलाला दोन भाग आणि मुलीला एक भाग, म्हणजे मुलाला सुमारे ३९ लाख ६७ हजार आणि मुलीला सुमारे १९ लाख ८३ हजार. ते ख्रिस्ती असतील तर १९२५चा भारतीय वारसा कायदा पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश देतो, म्हणजे तिघांना प्रत्येकी २८ लाख. आईला मात्र एक रुपयाही मिळत नाही. पारशी असतील तर त्याच कायद्यातल्या वेगळ्या प्रकरणानुसार पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना समान भाग आणि आईला मुलाच्या निम्मा, म्हणजे तिघांना २४ लाख आणि आईला १२ लाख. आणि हे कुटुंब गोव्याचे असेल तर धर्म कोणताही असो, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास अर्धी मालमत्ता मुळातच पत्नीच्या मालकीची समजली जाते. तिचे ४२ लाख तिच्याकडे राहतात, उरलेल्या ४२ लाखांचे मुलगा आणि मुलगी प्रत्येकी २१ लाख घेतात आणि आईच्या वाट्याला इथेही काही येत नाही.

हे आकडे नीट पाहिले तर वादविवादातली बरीच गृहीतके हलतात. हिंदू कायद्यात मुलीला मिळालेले २१ लाख आणि मुस्लिम कायद्यात तिला मिळालेले १९ लाख ८३ हजार यांत फार मोठे अंतर नाही. अंतर आहे ते तिच्या आणि तिच्या भावाच्या वाट्यात, आणि समतेच्या दृष्टीने आक्षेपार्ह आहे ते तेच. पत्नीची स्थिती मुस्लिम कायद्यात सर्वांत कमकुवत आणि गोव्यात सर्वांत भक्कम आहे. आईला हिंदू कायदा सर्वांत चांगला वागवतो, तर भारतीय वारसा कायदा, ज्याला अनेक जण तयार धर्मनिरपेक्ष नमुना समजतात, तिला मुले-नातवंडांच्या हयातीत पूर्णपणे वगळतो. विशेष विवाह कायद्याखाली वेगवेगळ्या धर्मांच्या जोडप्याने लग्न केले तर त्यांना हाच १९२५चा कायदा लागू होतो, त्यामुळे अशा मुलाची आई नकळत वारसांच्या यादीतून बाहेर पडते. आता समान कायदा करायचा तर यांपैकी कोणती वाटणी निवडायची? कोणतीही निवडली तरी कोणत्या ना कोणत्या समाजातल्या आईचा, पत्नीचा किंवा मुलाचा आजचा वाटा कमी होणार आहे.

मृत्युपत्राचा मुद्दा तर स्पर्धांमध्ये जवळजवळ कधीच निघत नाही. वरच्या गृहस्थांनी सगळे घर मुलाच्या नावे लिहून ठेवले असते, तर हिंदू, ख्रिस्ती आणि पारशी कायद्याने त्यांना तशी मोकळीक आहे. मुलीला आणि पत्नीला वारसा म्हणून काहीच मिळाले नसते. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, आणि सुन्नी कायद्यात तीही वारसांपैकी एकाला इतरांच्या संमतीशिवाय देता येत नाही. गोव्यातही निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. म्हणजे मुलीला डावलण्याची वाट बंद करण्याच्या बाबतीत शरियत आणि गोव्यात चालणारी पोर्तुगीज संहिता या दोन्ही आपल्या १९५६च्या कायद्याच्या पुढे आहेत, असे म्हणावे लागते. महाराष्ट्रात तर मृत्युपत्राचीही गरज पडत नाही. वडील वारल्यावर वारस नोंद करताना बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढतात आणि थोड्याच दिवसांत भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतो. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. कायद्याने दिलेला समान वाटा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कसा परत जातो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तिथे एक सकाळ बसावे.

वडिलार्जित मालमत्तेची कथा आणखी लांबची आहे. १९५६च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची सहदायकी, म्हणजे वडिलार्जित मालमत्तेतली जन्मापासूनची सामायिक मालकी, तशीच ठेवली आणि जन्मतः हक्क फक्त मुलग्यांना राहिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींनाही हा हक्क दिला, परंतु त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ रोजी तो देशभर लागू केला. आणि २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत का, या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी लावला आणि वडील हयात असण्याची अट नाही असे सांगितले. हिंदू कायदा १९५० च्या दशकातच सुधारला, असे जे सरसकट सांगितले जाते, त्याला या तारखा पुरेसे उत्तर आहेत.

आणि तो अजूनही पुरता सुधारलेला नाही. निपुत्रिक हिंदू विधुर मृत्युपत्र न करता वारला तर त्याची मालमत्ता त्याच्या रक्ताच्या नातलगांकडे जाते, पण निपुत्रिक विधवा वारली तर तिची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते; तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. अपवाद एवढाच की आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात लग्नानंतर तीन महिन्यांतच वैधव्य आलेल्या एका स्त्रीला सासरच्यांनी घराबाहेर काढले होते. ती माहेरी राहून शिकली, नोकरी केली आणि बऱ्यापैकी पैसे मागे ठेवून वारली. तिची ही स्वकष्टाची कमाई तिच्या माहेरच्यांना मिळाली नाही. ती गेली त्याच सासरच्या वारसांकडे. न्यायालयाने सहानुभूती दाखवली, परंतु कायद्याचे शब्द स्पष्ट असल्यामुळे त्यापलीकडे जाता येत नाही, असे म्हटले.

हे असे कसे झाले

धर्मानुसार कायदा ही रचना जशी परंपरेने आली तशीच ती कारकुनी सोयीनेही आली. १७७२ साली बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जने न्यायव्यवस्थेची योजना आखताना वारसा, विवाह आणि जात यांबाबत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लागू होईल असे ठरवले. त्यापूर्वी लोक गावच्या, जातीच्या आणि कुळाच्या रिवाजांनी चालत, आणि हे रिवाज धर्माच्या रेषेत बसत नसत. याचा एक नमुना मुंबईतलाच आहे. १८४७ साली खोजा आणि मेमन समाजांतल्या काही स्त्रियांनी कुराणानुसार आपला वाटा मागितला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी तो नाकारला, कारण या समाजांत मुलींना वाटा न देण्याचा, हिंदूंसारखाच रिवाज चालत आल्याचे सिद्ध झाले. १९३७चा शरियत कायदा आला तो असे रिवाज बाजूला सारण्यासाठी. शेतजमीन वगळता इतर मालमत्तेत मुस्लिम स्त्रीला शरियतप्रमाणे हक्क मिळावा, ही मागणी त्यामागे होती. आज ज्या कायद्याकडे मागासलेपणाचे प्रतीक म्हणून बोट दाखवले जाते, तो त्या काळी मुलीच्या हक्काच्या बाजूचा होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

संविधान सभेत हा विषय मूलभूत हक्कांच्या उपसमितीतच वादग्रस्त ठरला. मिनू मसानी, राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांचे म्हणणे होते की समान नागरी कायदा हा न्यायालयात मागता येण्याजोगा हक्क असावा. बहुमताने तो मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला गेला. या तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयाकडून करवून घेता येत नाही, परंतु राज्यकारभारात ती पायाभूत मानावीत असे अनुच्छेद ३७ सांगतो. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेत चर्चा झाली तेव्हा मद्रासचे महंमद इस्माईल आणि इतर काही मुस्लिम सदस्यांनी वैयक्तिक कायदा वगळण्याच्या दुरुस्त्या मांडल्या, कन्हैयालाल मुन्शी आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी मूळ कलमाचे समर्थन केले. डॉ. आंबेडकरांचे उत्तर दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखे आहे. वायव्य सरहद्द प्रांतात १९३५पर्यंत वारशाच्या बाबतीत मुसलमानांना हिंदू कायदा लागू होता आणि मलबारात मातृवंशीय पद्धत हिंदू-मुसलमान दोघेही पाळत होते, हे दाखवून त्यांनी शरियत सर्वत्र आणि सर्वकाळ एकसारखी पाळली गेली हा दावा खोडून काढला. त्याच भाषणात ते असेही म्हणाले की, पुढची संसद सुरुवातीला हा कायदा केवळ स्वेच्छेने तो मान्य करणाऱ्यांनाच लागू करू शकेल. अनुकूल बाजू त्यांचे पहिले म्हणणे उद्धृत करते, प्रतिकूल बाजू दुसरे. पूर्ण भाषण क्वचितच कोणी वाचलेले असते. हिंदू संहितेचे विधेयक रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. बहुसंख्याकांचा कायदा बदलणेही किती कठीण होते, हे त्यावरून कळते.

न्यायालये कुठवर जातात

वैयक्तिक कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतो का, हा या विषयातला खरा कायदेशीर पेच आहे आणि त्याची सुरुवातही मुंबईत होते. मुंबई राज्याने १९४६ साली हिंदूंमधील द्विभार्याप्रथेला बंदी घातली होती. नरसू अप्पा माळी प्रकरणात या बंदीला आव्हान दिले गेले. मुसलमानांना सवलत आणि हिंदूंना बंदी, हा भेदभाव आहे, असा युक्तिवाद होता. १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी बंदी वैध ठरवली. सुधारणा टप्प्याटप्प्याने आणि समाजाची तयारी पाहून करण्याची राज्याला मुभा आहे, असे त्यांनी मानले. त्याचबरोबर त्यांनी असेही सांगितले की, विधिमंडळाने न केलेला वैयक्तिक कायदा हा, मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्द ठरवणाऱ्या अनुच्छेद १३ मधील ‘कायदा’ या संज्ञेत येत नाही, म्हणून तो मूलभूत हक्कांच्या आधारे रद्द करता येत नाही. या दुसऱ्या विधानावर तेव्हापासून टीका होत आहे, शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनीही त्यावर प्रश्न उपस्थित केला, तरी सर्वोच्च न्यायालयाने ते सरळ मोडीत काढलेले नाही.

त्यामुळे न्यायालये बहुधा आडवाटेने जातात. १९८५च्या शाहबानो निकालात इंदूरच्या एका वृद्ध घटस्फोटितेला मिळालेली पोटगी महिन्याला १७९ रुपये २० पैसे एवढीच होती, आणि ती दिली गेली फौजदारी प्रक्रिया संहितेच्या सर्वधर्मीयांना लागू असलेल्या कलम १२५ खाली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी मात्र कुराणातील आयतींचाही अर्थ लावला आणि अनुच्छेद ४४ कागदावरच राहिल्याची खंत व्यक्त केली; वादळ उठले ते त्यावरून. १९८६च्या कायद्याने तो निकाल निष्प्रभ करण्याचा प्रयत्न झाला, परंतु २००१ साली न्यायालयाने त्याच कायद्याचा असा अर्थ लावला की, घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद पतीने इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतरच्या ठरावीक प्रतीक्षेच्या, काळातच करावी. जुलै २०२४ मध्ये तर कलम १२५चा मार्गही मुस्लिम घटस्फोटितेला खुला असल्याचे स्पष्ट केले गेले. एका दमात दिलेला तलाक २०१७ साली तीन विरुद्ध दोन मतांनी अवैध ठरला, पण तिघांची कारणेही एक नव्हती. केरळच्या सीरियन ख्रिस्ती स्त्रियांना १९१६च्या त्रावणकोर कायद्याने मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळत असे. मेरी रॉय यांनी ते १९८६ साली सर्वोच्च न्यायालयातून मोडून घेतले, आणि तेही समतेच्या हक्कावर बोट न ठेवता, १९५१ साली लागू झालेल्या भारतीय वारसा कायद्यामुळे जुना कायदा संपला, या तांत्रिक कारणावर.

समाजाच्या आतून झालेल्या मागणीचा विचार केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला तेव्हा त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या आणि तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांवरील बंदीबरोबर समान नागरी कायद्याचीही मागणी होती. पुढे १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. ही मागणी फक्त बाहेरून येते, असे म्हणणाऱ्यांनी निदान महाराष्ट्रात तरी हे विसरू नये.

लग्न, काडीमोड आणि रिवाज

विवाहाच्या बाबतीत अडचण धर्मांमधल्या फरकापेक्षा एकाच धर्मातल्या फरकाची अधिक आहे. हिंदू विवाह कायद्यानुसार भाऊ-बहिणींच्या मुलांचे आपसांत लग्न निषिद्ध आहे, पण रिवाज असेल तर चालते. या एका सवलतीमुळे महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मामाच्या मुलीशी होणारी असंख्य लग्ने वैध ठरतात, उत्तरेत मात्र असा विवाह कल्पनेबाहेरचा आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ने रिवाजाप्रमाणे होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, म्हणून महाराष्ट्रातल्या अनेक जातींतली काडीमोड, रिवाज पुराव्याने सिद्ध झाल्यास, न्यायालयात न जाताही वैध ठरू शकते. न्यायालयाबाहेरच्या घटस्फोटावर टीका करणारा हिंदू विद्यार्थी ही तरतूद बहुधा वाचलेली नसतो. उलट, पत्नीला नांदायला पाठवा असा दावा आपण भारतीय परंपरा म्हणून सांभाळतो, तो मूळचा इंग्लंडमधल्या चर्चच्या कायद्यातला. अशाच एका दाव्यात १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना पतीकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले होते. इंग्लंडने तो १९७० साली रद्द केला, आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून आहे. पारशी विवाहाचे दावे मुंबईत आजही समाजातल्या पाच प्रतिनिधींच्या मदतीने चालतात, आणि ख्रिस्ती पत्नीला २००१पूर्वी घटस्फोटासाठी पतीचा व्यभिचार सिद्ध करून पुन्हा क्रूरता किंवा त्याग यांसारखे आणखी एक कारण दाखवावे लागे.

आदिवासींचा प्रश्न याहून वेगळा आहे. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना, केंद्राने खास अधिसूचना काढल्याशिवाय, लागूच होत नाहीत. महाराष्ट्रात भिल्ल, गोंड, वारली, महादेव कोळी आदी जमाती मिळून लोकसंख्येच्या ९ टक्क्यांहून अधिक आहेत, आणि त्यांचे विवाह व वारसा रिवाजानेच चालतात. नागालँड आणि मिझोरमला अनुच्छेद ३७१ क आणि ३७१ छ यांचे स्वतंत्र संरक्षण आहे. रिवाज जपणे आणि आदिवासी मुलीला वाटा मिळणे यांत संघर्ष होतो, हेही खरे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड स्त्रीच्या वारसांना समान वाटा देताना, स्त्रियांना वगळणारा रिवाज सिद्ध झालेला नसेल तर समतेचे तत्त्वच लागू होईल, अशी भूमिका घेतली.

गोवा आणि उत्तराखंड

समान कायद्याचे चालते उदाहरण म्हणून गोव्याकडे पाहिले जाते. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १८७० पासून आहे, १९६१च्या मुक्तीनंतरही ती चालू ठेवली गेली आणि वारशाचा भाग २०१२च्या राज्य कायद्यात आला. पती-पत्नीची मालमत्ता सामायिक समजण्याचे तिचे तत्त्व मला देशातल्या कोणत्याही वैयक्तिक कायद्यापेक्षा चांगले वाटते, कारण घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाची किंमत त्यात न मागता धरली जाते. पण तीही सर्वांना सारखी नव्हती. कॅथलिकांच्या चर्चमधल्या विवाहासाठी निराळी तरतूद होती आणि १८८०च्या एका हुकुमाने हिंदू पुरुषाला, मूल किंवा मुलगा न झाल्यास, काही अटींवर दुसऱ्या विवाहाची मुभा दिलेली होती.

उत्तराखंडने फेब्रुवारी २०२४ मध्ये, न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या समितीच्या मसुद्यावरून, स्वतःची समान नागरी संहिता संमत केली आणि २७ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. त्यात बहुपत्नीत्वाला बंदी आहे, मुलगा-मुलगी यांना वारशात समान वाटा आहे, पत्नी व मुलांबरोबर आई आणि वडील दोघेही पहिल्या वर्गात आहेत, आणि अनुसूचित जमाती पूर्णपणे वगळल्या आहेत. या संहितेवरची माझी मोठी हरकत समानतेबद्दल नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी नोंदणी करावी आणि महिनाभरात न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, ही तरतूद कोणत्याही धर्माच्या वैयक्तिक कायद्यात नव्हती. समान कायद्याच्या निमित्ताने राज्याची नजर घरात आणखी आत शिरली. शिवाय, मृत्युपत्राने सगळी मालमत्ता एकालाच देण्याची मोकळीक तिथे सर्वांना दिली गेली, म्हणजे मुस्लिम मुलीला भावाइतका वाटा मिळाला, आणि वडिलांनी ठरवल्यास तो पूर्ण काढून घेण्याची सोयही त्याबरोबर झाली.

पुढच्या वाटा मोजक्या आहेत. २०१८ साली २१व्या विधी आयोगाने समान संहिता त्या टप्प्यावर आवश्यकही नाही आणि इष्टही नाही असे सांगून प्रत्येक वैयक्तिक कायद्यातली विषमता काढण्याचा मार्ग सुचवला. २२व्या आयोगाने जून २०२३ मध्ये पुन्हा लोकांची मते मागवली. माझा कल २०१८च्या मार्गाकडे आहे, पण त्याला एक जोड हवी: विशेष विवाह कायदा आज आहे त्यापेक्षा चांगला केला पाहिजे. ३० दिवसांची जाहीर नोटीस, जिच्यामुळे पळून आलेल्या जोडप्याचा पत्ता घरच्यांना मिळतो, ती काढली आणि गोव्यासारखी सामायिक मालमत्ता त्यात आणली, तर स्वेच्छेने निवडावा असा समान कायदा तयार होईल. या मार्गाने वेळ लागेल, हा अनुकूल बाजूचा आक्षेप योग्यच आहे. हिंदू मुलीला सहदायकीसाठी १९५६ ते २००५ थांबावे लागले, आणि मुस्लिम मुलीने तितकेच थांबावे असे तिला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. हिंदू अविभक्त कुटुंबाला आयकरात वेगळा करदाता मानण्याची सवलत समान कायद्यानंतर राहील का, हेही अनुकूल बाजूने सांगितले पाहिजे.

विवाह आणि वारसा हे समवर्ती सूचीतले विषय असल्यामुळे राज्येही राष्ट्रपतींच्या संमतीने असे कायदे करू शकतात, आणि त्यातून धर्मांऐवजी राज्यांमधला फरक पुढे येतो. उत्तराखंडची संहिता राज्याबाहेर राहणाऱ्या तिथल्या रहिवाशांनाही लागू आहे. समजा डेहराडूनचा एक हिंदू अभियंता पुण्यात नोकरी करताना वारला. मागे पत्नी, मुलगी आणि वृद्ध वडील आहेत, आणि फ्लॅट पुण्यात आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार वडील दुसऱ्या वर्गात जातात आणि त्यांना काही मिळत नाही, उत्तराखंडच्या संहितेनुसार त्यांना वाटा आहे. स्थावर मालमत्तेला ती जिथे असेल तिथला कायदा लागतो हे जुने तत्त्व एका बाजूला ओढते आणि संहितेची शब्दरचना दुसऱ्या बाजूला. पुण्याच्या दिवाणी न्यायालयात वारस दाखल्याचा अर्ज करणाऱ्या वकिलाला वडिलांचे नाव वारसांच्या रकान्यात घालायचे की नाही, हे अर्ज टंकलिखित करण्यापूर्वीच ठरवावे लागेल.